मदत हवी आहे : डिसेंबरात उझबेकिस्तान, आम्ही दोघंच

नमस्कार मंडळी. आम्ही नवरा-बायको, बेळगाव शहापूरचे. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून दिल्लीहून ताश्कंदला जायचं ठरवलंय, दहा दिवस. ताश्कंदला शास्त्रीजींचा पुतळा बघायचाच. 1966 साली ते तिथंच वारले, बाबा नेहमी सांगायचे. मग समरकंद, बुखारा, खिवा.

समरकंदपासून बुखाऱ्यापर्यंत जलद रेल्वे आहे, ते जमेल. अडचण पुढची. बुखारा ते खिवा साधारण साडेचारशे किलोमीटर, मधे वाळवंट. थंडीत टॅक्सीनं दिवसा जावं की रेल्वेनं? खिव्याच्या इचान काला या जुन्या शहराच्या तटबंदीत एक रात्र पुरते का? की तो दिवस समरकंदला द्यावा? विजापूरचा गोलघुमट बघत वाढल्यामुळं तिथल्या रेगिस्तान चौकातले निळे घुमट मला घाईत बघायचे नाहीत. त्यातला उलुघबेग या तिथल्या राजाचा मदरसा तर 1420 चा.

दुसरं, थंडी. तिकडं पारा शून्याखाली जातो, आमच्याकडं बेळगावातले स्वेटर फक्त. बूट कसले घ्यावेत?

हिचे मार्गशीर्षातले गुरुवारही त्यातच येतात, आणि ती पक्की शाकाहारी. तिथली नान आणि सुकामेवा सोडून काय मिळेल? भाजणी, चटणी बांधून नेणार आहोतच. हिवाळ्यात कुणी जाऊन आलं असेल तर नक्की सांगा.