मदत हवी आहे: मेल, फाइली आणि लॅपटॉप परदेशी खात्यांच्या भरवशावर नको आहेत

नमस्कार मंडळी,

जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या तेल कंपनीवर निर्बंध घातले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने त्यांच्या मेल, टीम्सला टाळं लावलं. रिफायनरी गुजरातेत वाडीनारला, लायसन्सचे पैसे भरलेले. तरी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली, मग सेवा सुरू झाली. त्यांच्याकडे वकील तरी होते! माझ्यावर कोण कशाला निर्बंध घालेल म्हणा, पण सुक्याबरोबर ओलंही जळतं.

आमचं डीटीपी आणि भाषांतराचं छोटं काम आहे. गूगल टेकआउटने (गूगलमधला आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) सगळं हार्ड डिस्कवर उतरवलं. डॉक्सच्या वर्ड फाइली झाल्या, ते ठीक. मेल मात्र एका अगडबंब एमबॉक्स फाइलमध्ये (सगळे मेल एकत्र साठवणारी फाइल) आले. ती थंडरबर्ड या मेल वाचायच्या प्रोग्राममध्ये कुणी घेतली आहे का? मराठी विषय-ओळी नीट दिसतात का?

खरी धाकधूक लॅपटॉपची. विंडोज ११ ने डिस्क आपोआप एन्क्रिप्ट केली (कुलूपबंद केली म्हणा) आणि त्या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, ४८ अंकी रिकव्हरी की ठेवली कुठे, तर मायक्रोसॉफ्टच्याच खात्यात! म्हणजे खातं गेलं तर कीही गेली. ती कागदावर उतरवून ठेवली की पुरे, की मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय चालणारं लोकल अकाउंटच करावं?

स्वतःचं डॉट-इन डोमेन घेऊन मेल झोहो या भारतीय कंपनीच्या सेवेवर न्यावा असंही डोक्यात आहे. बँकेपासून आयकरापर्यंत सगळीकडे जीमेलचा पत्ता दिलाय, तो बदलताना आधी काय करावं?

लिनक्सचा सल्ला तूर्त नको, श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमधलं जुनं काम विंडोजवरच आहे.