मदत हवी आहे: ‘एसेस हाय’ आणि ‘एअर वॉरियर’ खेळलेल्यांचे अनुभव

नमस्कार मंडळी,

ऑनलाइन हवाई युद्धाच्या खेळांभोवती जमलेला समुदाय काळानुसार कसा बदलत जातो, यावर मी एक दीर्घ लेख लिहीत असून त्यासाठी मला आपली मदत हवी आहे.

माझा भर टेक्सासमधील हायटेक क्रिएशन्सने २००० साली आणलेल्या ‘एसेस हाय’वर आहे. त्यात बिशप, नाइट आणि रूक असे तीन पक्ष एकाच नकाशावर लढतात, आणि शत्रूचा विमानतळ जिंकायचा असेल तर दहा सैनिक तेथील ‘मॅप रूम’पर्यंत, म्हणजे ताबा मिळवण्यासाठी गाठाव्या लागणाऱ्या खोलीपर्यंत, पोहोचावे लागतात. अनेकदा कुणीतरी ते संथ, निःशस्त्र सी-४७ या वाहतूक विमानातून नेतो. या कामात एकही विमान पाडायला मिळत नाही. तरीही ते कुणी आपणहून पत्करतो, कारण वर त्याचे सहकारी पहारा देत असतात. समुदायाचा खरा कस मला तिथेच दिसतो. याउलट २०१२ पासून विनामूल्य खुल्या झालेल्या ‘वॉर थंडर’ या खेळात बहुतेक संघ एका छोट्या लढतीपुरतेच जमतात.

आपल्यापैकी कुणी, विशेषतः त्या काळी अमेरिकेत असलेल्यांनी, हे खेळ खेळले आहेत का? २००१ मध्ये ‘एअर वॉरियर’ हा त्याआधीचा ऑनलाइन हवाई युद्धाचा खेळ बंद झाल्यावर आपले स्क्वाड्रन (एकत्र खेळणाऱ्यांचा कायमचा गट) एकत्रितपणे दुसऱ्या खेळात गेले की विखुरले? नवख्यांना शिकवण्याची पद्धत पुढे टिकली का, आणि नसल्यास ती कशामुळे मोडली? त्या वेळची टिपणे किंवा स्क्वाड्रनचे नियम कुणी जपून ठेवले असल्यास कृपया जरूर कळवावे.