विंडोजवरून मॅकवर आल्यावर कंट्रोल आणि कमांडची अदलाबदल

प्रश्न: अनेक वर्षे विंडोजवर काम केल्यानंतर मी नुकताच मॅक वापरू लागलो असून, कॉपी करताना बोट अजूनही सवयीने कंट्रोलवरच जाते. या दोन कळांची अदलाबदल करता येईल का?

उत्तर १: येईल. सिस्टिम सेटिंग्जमधील कीबोर्ड विभागात, कीबोर्ड शॉर्टकट्सखाली ‘मॉडिफायर कीज’ उघडा. प्रत्येक कीबोर्डसाठी ही अदलाबदल स्वतंत्रपणे ठरवता येते.

उत्तर २: मात्र टर्मिनल (आज्ञा टाइप करून काम करण्याचे ॲप) वापरत असाल तर घाई करू नका. तिथे चालू प्रोग्रॅम थांबवणारे कंट्रोल-सी अदलाबदलीनंतर कमांडच्या कळेवर जाते, शिवाय ॲप बदलण्यासाठीचे कमांड-टॅबही कंट्रोलच्या कळेवर सरकते. कॅराबिनर-एलिमेंट्स या कळांची कामे बदलून देणाऱ्या ॲपमध्ये टर्मिनलला वगळणारा नियम लिहिता येतो; मला तोच मार्ग योग्य वाटतो.

प्रश्नकर्ता: टर्मिनल मला रोजच लागते, त्यामुळे कॅराबिनरच बसवतो. आभारी आहे.