मदत हवी आहे: एकच स्क्रिप्ट, दोन लॅपटॉप आणि सायकल मार्गांचे दोन वेगळे नकाशे (पुणे)

पायडल_मारू:

नमस्कार मंडळी,

धागा जरा टेक्निकल आहे पण इथे आर (आकडेवारीसाठीची प्रोग्रामिंग भाषा) वापरणारे आणि ओपनस्ट्रीटमॅपवर (ओएसएम, लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा) नकाशे काढणारे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहितीये, म्हणून इथेच विचारतोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

आम्ही कर्वेनगर-कोथरूडकडचे काही जण मिळून एक नकाशा करतोय, की साध्या माणसाला (म्हणजे हेल्मेट-जर्सीवाला नव्हे, भाजी आणायला निघालेला) सायकलवरून अर्ध्या तासात कुठकुठपर्यंत जाता येतं. मनपाच्या नागरिक सहभाग अंदाजपत्रकात काम सुचवायचंय आणि नुसतं 'इथे ट्रॅक हवा' असं लिहून देण्यात अर्थ नाही. मागे एका बैठकीत समोरून पहिलाच प्रश्न आला, हे आकडे आणले कुठून, आणि आमच्याकडे एक्सेलच्या शीटशिवाय दाखवायला काही नव्हतं. त्यामुळे यावेळी ठरवलंय की डेटा खुला, कोड खुला, ज्याला शंका असेल त्याने स्वतःच्या मशीनवर चालवावं आणि तोच नकाशा यायला हवा.

आता रडगाणं. आरफाइव्हआर हे प्रवासाच्या वेळा काढणारं आरचं पॅकेज वापरतोय (ब्राझीलच्या इपिआ संस्थेचं, आत कन्व्हेयलचं आरफाइव्ह इंजिन आहे, फुकट आणि ओपन सोर्स). जिओफॅब्रिकवरून (ओएसएमचा डेटा भागवार देणारी साइट) वेस्टर्न झोनची पीबीएफ फाइल (ओएसएमचा डेटा यात असतो) उतरवली, ऑस्मियम या टूलने पुण्यापुरती कापली, सायकल मोड लावला, वेग डिफॉल्ट ताशी 12 किमी आणि मॅक्स एलटीएस 2 (म्हणजे रस्त्यावरची धाकधूक जास्तीत जास्त दुसऱ्या पातळीची). माझ्या मशीनवर कर्वेनगरमधून नदीपलीकडे नारायण पेठ, सदाशिव पेठ बऱ्यापैकी हिरवं दिसतं. मित्राने तीच स्क्रिप्ट गिटहबवरून (कोड ठेवायची साइट) घेऊन चालवली तर त्याच्याकडे कोथरूडचा मोठा तुकडाच गायब आणि पेठांची वेळ फुगलेली. एका अक्षराचा फरक नाही स्क्रिप्टमध्ये, डिफ काढून बघितला.

दुसरा प्रश्न याच्याहून मोठा आहे. इंग्लंडमध्ये प्रोपेन्सिटी टू सायकल टूल म्हणून आहे, तिथल्या वाहतूक खात्याच्या पैशातून झालेलं आणि सगळा कोड खुला. त्यात 2011 च्या जनगणनेतून कुठल्या भागातले किती लोक कुठल्या भागात कामाला जातात ही जोडीजोडीची आकडेवारी घेतलीये, मग अंतर आणि चढ बघून त्यातले किती जण सायकलवर येऊ शकतील याचा अंदाज, आणि तो रस्त्यांवर ओतला की कुठल्या रस्त्याला ट्रॅकची जास्त गरज ते दिसतं. आपल्याकडे असं 'कुठून-कुठे' काही मिळतं का? आम्हाला फक्त आपल्या 2011 च्या जनगणनेचा बी-28 तक्ता (कामाचं अंतर आणि वाहन) सापडला.

माझा लॅपटॉप 8 जीबीचा आहे, जास्त जड उपाय सुचवू नका प्लीज.

टीपकागद:

+१, वाचतोय. आम्ही नाशकात असंच काहीतरी करायच्या विचारात आहोत.

भूगोलवाली:

पहिल्या प्रश्नाचं आधी. स्क्रिप्ट एक असली तरी डेटा एक आहे कशावरून? जिओफॅब्रिकवर 'लेटेस्ट' नावाची जी फाइल असते ती रोज बदलते आणि नाव मात्र तेच राहतं. तुम्ही आणि मित्राने वेगवेगळ्या दिवशी उतरवली असेल तर ते दोन वेगळे नकाशेच झाले, मधल्या काळात कुणी रस्ता जोडला, कुणी टॅग बदलला. कापायच्या आधीच्या मूळ फाइलवर ऑस्मियम फाइलइन्फो चालवा, डेटा कुठल्या क्षणापर्यंतचा आहे ते कळेल, आणि दोघांच्या कापलेल्या फाइलींचा एमडी५ (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) काढून जुळवा, आरमध्येच होतं ते.

आणि हे बघितलंत का, आरफाइव्हआर पहिल्यांदा नेटवर्क बांधतं तेव्हा त्याच फोल्डरमध्ये नेटवर्क.डॅट नावाची फाइल करून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं, वेळ वाचावा म्हणून. तुम्ही नंतर पीबीएफ बदलली असेल तरी ते जुनंच चालवत बसण्याची शक्यता आहे. ती फाइल उडवा किंवा ओव्हरराइट ट्रू करून परत बांधा. जुन्या व्हर्जनमध्ये सेटअप_आरफाइव्ह, नव्यात बिल्ड_नेटवर्क.

मॅक्स एलटीएस 2 बद्दल मात्र मला जास्त काळजी वाटते. रस्त्यावर सायकलवाल्याला किती धाकधूक होईल याची ती 1 ते 4 पातळी, 1 म्हणजे लहान पोरगंही जाईल, 4 म्हणजे फक्त निडर लोक. पण ती ठरते कशावरून, तर ओएसएमच्या टॅगवरून, म्हणजे रस्ता कुठल्या वर्गातला, लेन किती, वेगमर्यादा काय, सायकल लेन आहे का. आपल्याकडे निम्म्याअधिक रस्त्यांना लेन आणि वेगमर्यादा लिहिलेलीच नसते हो! मग इंजिन अंदाज करतं आणि एका टॅगने अख्खा रस्ता 2 चा 3 होतो, आणि तो एकच रस्ता जर पुलाकडे जाणारा असेल तर पलीकडचं सगळं तुटलं. उलटही होतं, सायकलवे टॅग आहे म्हणून रस्ता सोप्या पातळीचा आणि प्रत्यक्षात त्या ट्रॅकवर पाणीपुरीची गाडी.

तुमच्या भागातले मोठे रस्ते आधी हाताने तपासा. डीपी रस्ता, म्हात्रे पूल, राजाराम पूल, कर्वे रस्ता एवढं जरी नीट टॅग झालं तरी निकाल बराच स्थिर होईल. आणि टॅग ओएसएममध्येच दुरुस्त करा, स्वतःच्या फाइलमध्ये गुपचूप नको, नाहीतर परत तेच, दुसऱ्याला तुमचा नकाशा येणार नाही.

गोदातीर:

भूगोलवाली यांच्याशी सहमत. त्यात भर: पॅकेजची व्हर्जन पण बांधून ठेवा. आरएनव्ह हे पॅकेज वापरलं की लॉकफाइल (व्हर्जनची यादी) तयार होते, मित्राने रिस्टोर केलं की त्याच्याकडे तुमचीच व्हर्जन येतात. पण जावा (आरफाइव्ह इंजिन त्यावर चालतं) त्यात येत नाही आणि आरफाइव्हआरला आधी जावा 11 लागायचं, आता 21 लागतं, तेव्हा ते रीडमीमध्ये ठळक लिहा. डॉकर (सगळं सॉफ्टवेअर एकाच डब्यात बांधून देणारं) जमत असेल तर उत्तम (रॉकरच्या तयार इमेज आहेत, जिओस्पेशियलवाली घ्या), पण बैठकीतल्या लोकांना डॉकर समजावत बसू नका, जीव जाईल.

8 जीबीत पुणे आरामात चालतं, फक्त जावाची मेमरी लायब्ररी लोड करायच्या *आधी* सेट करा, नंतर केली तर लागूच होत नाही आणि काही बोलतही नाही ते.

अवांतर: पावसाळ्याचं काय करताय? भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता खडकवासल्यातून पाणी सोडलं की बंद. तुमच्या हिरव्या रंगातला बराचसा भाग त्या भरवशावर असेल तर जुलै-ऑगस्टचा वेगळा नकाशा हवा. तो पूल काढून दुसरी पीबीएफ करा आणि दोन्ही शेजारी शेजारी दाखवा. मला तर वाटतं बैठकीत तोच नकाशा जास्त बोलेल.

पायडल_मारू:

भिडे पुलाचं डोक्यातच आलं नव्हतं कुणाच्या, भारी सूचना, करतोच.

अपडेट: एमडी५ जुळत नाहीत. मित्राची पीबीएफ माझ्यापेक्षा बरीच नवी निघाली आणि मधल्या काळात आमच्याच भागातल्या एका रस्त्याचा वर्ग कुणीतरी वाढवलाय, तिथेच तुकडा तुटतोय. माझी फाइल त्याला पाठवली, नेटवर्क परत बांधलं, आता दोन्हीकडे सारखंच येतंय. म्हणजे पुढे फाइल कुठेतरी कायमची ठेवायला हवी, गिटहबवर एवढी मोठी जाईना.

भूगोलवाली:

झेनोडोवर (संशोधनाचा डेटा ठेवायची साइट) ठेवा, फुकट आहे, डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो आणि प्रत्येक आवृत्तीचा वेगळा मिळतो. स्क्रिप्टमध्ये 'लेटेस्ट'ऐवजी तिथली लिंक द्या. ओएसएमचा डेटा ओडीबीएल परवान्याखाली आहे तेव्हा 'ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते' हा उल्लेख नकाशावर राहू द्या.

आता दुसरा प्रश्न. बी-28 मध्ये कामाचं अंतर आणि वाहन मिळतं, तेही शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीच्या कामगारांचं आणि जिल्ह्याच्या पातळीवर. कुठून कुठे हे आपली जनगणना देत नाही. 2021 ची झालीच नाही आणि आता 2027 ची होतेय, तिच्यावर थांबून उपयोग नाही. लोक काय करतात, तर एका बाजूला लोकसंख्या (वर्ल्डपॉपचा 100 मीटरचा ग्रिड खुला आहे), दुसऱ्या बाजूला नोकऱ्या (2013 ची सहावी आर्थिक गणना, जुनी आहे पण आहे) आणि मध्ये ग्रॅव्हिटी मॉडेल, म्हणजे जवळचं आणि मोठं जास्त ओढतं. त्यातून येणारी अंतरं बी-28 च्या अंतरांशी ताडून बघायची. पण हा अंदाजाचा अंदाज आहे हे नकाशावर लिहा, आणि इंग्लंडच्या टूलमधला 'गो डच' पर्याय तसाच्या तसा पुण्याला लावू नका, ते आकडे नेदरलँड्सचे लोक किती अंतराला आणि किती चढाला सायकल काढतात त्यावरून आलेत. इथे स्पर्धा कारशी नाही, ॲक्टिव्हाशी आहे.

खरं सांगू, तुमच्या जागी मी नोकऱ्या सोडून शाळा घेतल्या असत्या. शाळा कुठे आहेत ते पक्कं माहितीये, अंतरं छोटी, आणि त्या इंग्लंडच्या टूलमध्येही नंतर शाळेचा वेगळा थर आलाच की. शाळेपासून दोन-तीन किमीत एलटीएस 1 ने किती घरं जोडलेली आहेत एवढंच काढा, कुठून-कुठेची भानगडच नको.

टीपकागद:

बसचं पण असंच करता येतं ना? जीटीएफएस (बसच्या वेळापत्रकाचा डेटा) टाकून?

गोदातीर:

येतं, पण निघायची तारीख जीटीएफएसच्या कॅलेंडरमध्ये बसते का ते आधी बघा. बाहेरची असेल तर एररबिरर येईलच असं नाही, कधी गुपचूप चालत जायच्या वेळा हातात मिळतात आणि आपण म्हणतो बससेवा किती वाईट. मध्यरात्रीनंतरच्या फेऱ्या 25:10 अशा लिहिलेल्या असतात, ते बरोबर आहे, 'दुरुस्त' करू नका. नाशिकचं काही चालू केलंत तर वेगळा धागा काढा, इथे गर्दी नको.

पायडल_मारू:

शाळांचं पटलं. आमच्या ग्रुपमध्ये दोन शिक्षिका आहेत, त्या यादी देतील. झेनोडोवर फाइल चढवून इथे लिंक टाकतो, कुणीतरी तिसऱ्या मशीनवर चालवून बघाल का? शक्यतो विंडोज, आमची दोन्ही लिनक्स आहेत.

भूगोलवाली:

टाका, माझ्याकडे विंडोजच आहे आणि जावा 21 पण. फक्त फाइलचे पाथ रिलेटिव्ह ठेवा, तुमच्या होम फोल्डरचं नाव माझ्याकडे नाही.