बालीचं लिबर्टी जहाज, नुसत्या ओपन वॉटरवर जमेल का? मदत हवी आहे

मंडळी, बालीला जायचं ठरतंय आणि तिथे तुलांबेनला ते यूएसएटी लिबर्टी नावाचं बुडालेलं जहाज आहे ना, ते बघायचंच असं डोक्यात बसलंय. माझ्याकडे फक्त ओपन वॉटरचं कार्ड (स्कूबा डाइव्हिंगचं पहिलं प्रमाणपत्र), म्हणजे १८ मीटर खोलीपर्यंत. आता जिथे वाचावं तिथे 'नवशिक्यांसाठी एकदम बेस्ट' असं लिहिलेलं आणि पुढच्याच ओळीत खोली ५ ते ३० मीटर, मग मी काय अर्ध्यातूनच वर यायचं का? आधी पुढचा ॲडव्हान्स्ड कोर्स करून घ्यावा लागेल?

खाली जाताना कान नीट उघडतात (दाब जुळतो), त्याचा त्रास नाही, पण बॉयन्सी (पाण्यात एका पातळीवर तरंगत राहणं) अजून यथातथाच आहे, एका जागी थांब म्हटलं की मी हळूहळू वर तरी सरकते नाहीतर खाली तरी. व्हिडिओत लोक सरळ जहाजाच्या आतून जाताना दिसतात, ते बघूनच धडधडायला लागतं. नवरा डाइव्ह करत नाही, फक्त स्नॉर्कल करेल, त्याला वरून काही दिसेल का? प्लॅन असा आहे की सकाळी दोन डाइव्ह आणि दुपारी गाडीने बालीतल्याच किंतामणीवरून उबुदला. जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १
ताई, ॲडव्हान्स्डची काही गरज नाही. हे जहाज खोल समुद्रात बुडालेलंच नाहीये मुळात. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला, सिंगराजा बंदराकडे ओढत नेताना पाणी भरायला लागलं म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवलं, ते तिथेच पडून राहिलं आणि १९६३ ला आगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा घसरून पाण्यात गेलं. त्यामुळे किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर उतारावर आडवं पडलंय, वरची कड ५ मीटरच्या आसपास, खालची ३० कडे. किती खोल जायचं ते आपण ठरवायचं. प्रवाळ, मासे बहुतेक सगळं १८ च्या आतच दिसतं. पाणी स्वच्छ असेल तर नवऱ्यालाही वरून दिसेल.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण आत जायचं म्हणाल तर माझं मत स्पष्टपणे 'नको' असंच आहे. जहाज बरंच मोडलंय, पुष्कळ ठिकाणी वरून उजेड येतो म्हणून गाइड लोक सहज घेऊन जातात, पण बॉयन्सी डगमगत असेल तर गंजलेल्या पत्र्याला हात-पाय लागणार आणि पायातल्या फिनने (वल्ह्यासारख्या चपलेने) गाळ उडाला की पुढचं काही दिसत नाही. पाण्यात उतरायच्या आधीच गाइडला सांगा, बाहेरूनच फिरायचं, आणि तो 'काही होत नाही' म्हणाला तर गाइड बदला. पहिली डाइव्ह शेजारच्या कोरल गार्डनला करा, तिथे खाली जायला कमरेला बांधायचं वजन किती लागतं ते नीट बघून घ्या, निम्मी बॉयन्सी तिथेच सुधारते (जास्त वजन लावून पाठवायची भारी खोड असते लोकांना).

खरी कसरत किनाऱ्यावर आहे. वाळू कमी आणि गोल गुळगुळीत दगड जास्त, लाट आली की पाय घसरतो. जाड तळाचे बूट घाला, फिन कमरेइतक्या पाण्यात गेल्यावरच चढवा. हवेचा टँक उचलायची चिंता नको, तिथल्या बायका डोक्यावरून नेतात, बघत राहावं असं काम आहे ते. आणि पहाटे जा, बंपहेड पॅरटफिशचे थवे तेव्हाच भेटतात, नंतर बालीच्या दक्षिणेकडून पर्यटकांच्या गाड्या यायला लागल्या की गर्दीच गर्दी.

प्रतिसाद ३
सगळे जहाजावरच बोलतायत, किंतामणीचं कोणी बघितलंच नाही का? ते साधारण १५०० मीटर उंचीवर आहे हो. डाइव्हनंतर लगेच उंचावर जाणं म्हणजे विमानात बसण्यासारखंच, अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. एकाहून जास्त डाइव्ह असतील तर निदान १८ तास थांबा, नाहीतर किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता धरा.

धागाकर्ती
बापरे, हे डोक्यातच आलं नव्हतं! मग किंतामणी आधी आणि तुलांबेन नंतर असं उलटं केलं तर चालेल ना?

प्रतिसाद ३
अगदी चालेल. फक्त परतीच्या विमानाआधीही तेवढेच तास मोकळे ठेवा.