‘ते’ : सद्गुण की पुण्याई?

बोरूबहाद्दर : कन्फ्यूशियसची काही वचनं मराठीत करतोय (इंग्रजीवरून, चिनी येत नाही). एक वचन असं : जो ‘ते’च्या बळावर राज्य करतो तो ध्रुवताऱ्यासारखा, तो जागचा हलत नाही, बाकीचे तारे त्याच्याभोवती फिरतात. ‘ताओ ते चिंग’ या जुन्या चिनी ग्रंथाच्या नावातला तोच हा चिनी शब्द ‘ते’. मी ‘पुण्याई’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘सद्गुण’ केलं. काय ठेवू?

उभाआडवा : सद्गुण. पुण्याई गेल्या जन्मातून येते. कन्फ्यूशियस इ.स.पू. 479 मध्ये वारला, बौद्ध धर्म चीनमध्ये पोचला त्यानंतर काही शतकांनी. जन्मोजन्मीचा हिशेब त्याच्या तोंडी घालू नका.

माजघर : सद्गुण शाळेच्या फळ्यावर असतात हो, त्यांच्याभोवती तारे कशाला फिरतील? आमची आजी म्हणायची, “मामंजींच्या पुण्याईवर घर चाललंय.” म्हणजे काय, तर त्यांचं नाव सांगितलं की दुकानदार वही न उघडता किराणा बांधून द्यायचा. यात गेला जन्म कुठे आला?

आणि चिनी दंतकथांमधला आदर्श राजा शुन, त्याची गोष्ट बघा. बाप आणि सावत्रभाऊ जिवावर उठलेले. कोठार शाकारायला वर चढवलं, शिडी काढून घेतली, खालून आग लावली. मग विहिरीत उतरवून वरून बुजवली. भाऊ वाटणी करायला घरात शिरतो तर हा खाटेवर तंतुवाद्य वाजवत बसलेला! तरी याने बापाला अंतर दिलं नाही. याओ राजाने पोटच्या मुलाला बाजूला सारून राज्य दिलं ते याला. याला नुसतं ‘सद्गुणी’ म्हणायचं?

उभाआडवा : याला सोशिक म्हणतात.

तळटीप : माजघरांच्या बाजूने एक मुद्दा. इ.स.पू. 1046 च्या सुमारास चौ घराण्याने शांगांचं राज्य घेतलं, तेव्हा त्यांचं म्हणणं हेच होतं की शेवटच्या शांग राजाने ‘ते’ गमावलं, म्हणून आभाळाने दिलेला हुकूम काढून घेतला. मराठीत सरळ ‘पुण्याई सरली’. कन्फ्यूशियसच्या परंपरेतला मेन्शियस तर म्हणतो, मारला गेला तो राजा नव्हेच, एक कुणीतरी इसम.

पण हान फेइ हा राजनीतीवर लिहिणारा जुना चिनी विचारवंत वाचाल तर अडचण येईल. तो म्हणतो, राजाच्या हातात दोन मुठी : शिक्षा आणि ‘ते’. आणि ‘ते’ म्हणजे काय, तर बक्षीस देणं! तिथे पुण्याई लिहून बघा. एका शब्दाने भागणार नाही.

उभाआडवा : मग ‘राजशील’ घडवा. आणि बक्षीस कशाला, पारितोषिक म्हणा.

माजघर : घ्या! शिवरायांचा राज्यव्यवहारकोश होऊनही दप्तर आणि हुकूम हे फारसीतून आलेले शब्द गेले का? ‘राजशील’ वाचून मला लग्नपत्रिकेतला नवरामुलगा आठवतो.

कोरा कागद : चिनी टीकाकारही शब्दांशी खेळायचेच. ‘ते म्हणजे मिळणं’ अशी त्यांची जुनी फोड आहे, कारण दोन्ही शब्दांचा उच्चार एक. मला तर पुण्याईत ‘आई’ दिसते. आईचं पुण्य लेकरांना, राजाचं प्रजेला. जमतंय की!

तळटीप : अहो, तो प्रत्यय आहे. शिष्टाई, नवलाई, दांडगाई. दांडगाईतली आई कोणाची?

कोरा कागद : आमच्या शेजारची.

बोरूबहाद्दर : मंडळी, मजकूर शुक्रवारी जायचाय. पुढचं वचन आहे : राजाचं ‘ते’ वारा, प्रजेचं ‘ते’ गवत, वारा आला की गवत वाकतं. इथे प्रजेलाही ‘ते’ आहे. प्रजेची पुण्याई?

माजघर : इथे मात्र ‘वळण’ लिहा. राजाचं वळण, प्रजेचं वळण.

उभाआडवा : म्हणजे एकाच पुस्तकात दोन शब्द? वाचकाने काय समजायचं?

कोरा कागद : शिष्टाईत प्रत्यय ‘आई’ हे मान्य. पण मग बेपर्वाईत? तिथे ‘बेपर्वा’ला नुसती ‘ई’ लागलीय ना?

तळटीप : हो. ती फारसीची.

उभाआडवा : आणि महागाई?