गोव्याची संस्कृती 'कलम' आहे का?

फोंड्याचा वाचक
परवा इथल्या एका कार्यक्रमात वक्ते म्हणाले, "गोमंतकीय संस्कृती म्हणजे पूर्व-पश्चिमेचं सुंदर कलम." टाळ्या पडल्या. माझे हात उठले नाहीत. आमच्या घरी दर पावसाळ्यात कोयकलमं बांधतात, म्हणून शब्द खटकला. कलमात काहीच मिसळत नाही हो! खाली रायवळाचा, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या गावठी आंब्याचा खुंट, वर मानकुराद या आमच्या गोव्याच्या नामी आंब्याची काडी. जोड जुळतो, पाणी वर चढतं; तरी खालचा रायवळच राहतो आणि वरचा मानकुरादच. सरमिसळ सांगायची तर शब्द आहे 'संकर'. पण गीतेतल्या वर्णसंकरापासून तो असा बदनाम आहे की व्यासपीठावरून कोण उच्चारणार? म्हणून 'कलम'.

पेडण्याची माहेरवाशीण
दादा, रूपक झाडाला विचारून चालत नाही. खत-पाणी चांगलंच ना? तरी आपण भांडणाला 'खतपाणी' घालतो, अभ्यासाला नाही. माळ्याने कधी तक्रार केली? वक्त्यांना एवढंच म्हणायचं होतं की मूळ इथलं, कसब बाहेरचं, फळ गोड. हापूसच घ्या. कलमं बांधून आंब्याच्या जाती टिकवल्या त्या जेझुइट पाद्र्यांनी, नाव पडलं गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द आल्बुकेर्कवरून. यात खोटं काय?

फोंड्याचा वाचक
ताई, तुमच्याच उदाहरणात खुंटही इथला, काडीही इथली. परका होता तो फक्त बांधणारा हात. आणि मूळ आमचं, काडी पाहुण्याची असं धरलं, तर फळ कोणाचं? खुंटाला मोहोर येऊच देत नाहीत. फुटवा दिसला की खुडतात. हे गोव्याचं कौतुक झालं?

बोरू
मला उलट वाटतं. शब्द अगदी बरोबर आहे, वक्त्यांना वाटला त्याहून जास्त. कलम म्हणजे मुळात अरबीतली बोरूची लेखणी. काडी तिरपी तासली की बोरूच दिसते. पण 'शिर कलम करणे' हेही आपण म्हणतोच की. दोन्ही अंगांना जखम केल्याशिवाय जोड बसत नाही. इथे १५६० ते १८१२ इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय होतं, मधली चार वर्षं सोडली तर. १६८४ मध्ये कोकणी बोलण्यावर बंदीचा हुकूम निघाला. कलम म्हणा, जरूर म्हणा, पण सुरीसकट म्हणा.

पेडण्याची माहेरवाशीण
तुम्हाला जिथे तिथे सुरी दिसते. चावी, पगार, बटाटा, घमेलं, बिजागरी हे सगळे पोर्तुगीजमधून आलेले शब्द. यात मराठीला कुठे जखम झाली? माझी आजी 'चावी'च म्हणायची. तिला 'किल्ली' म्हटलं तर पुणेरी वाटायचं.

फोंड्याचा वाचक
पण ते कलम नव्हेच! चाव्या, चावीने, पगारातून. शब्दाने मराठीचे प्रत्यय घेतले, अनेकवचनही मराठीच. कलमाची काडी खुंटाचं असं काही घेते का? हे काजूसारखं झालं. ब्राझीलहून आला, बी पडली, आज डोंगरभर आपसूक उगवतो आणि त्याच्या फेणीवर आपण हक्क सांगतो. त्याला 'रुजला' म्हणतात. घरातला साधा शब्द असताना कलम कशाला हवं?

बोरू
'रुजला' म्हटलं की कोणी पेरलं आणि कशासाठी, हे विचारायलाच नको. सोयीचा शब्द आहे.

कुळागरवाला, माशेल
बाबांनो, काजूचीसुद्धा आता कलमंच लावतात. कुठल्याही रोपवाटिकेत जाऊन बघा. आणि फोंडेकर, फुटवा खुडतात म्हणालात, पण खुडायला माणूस लागतो. आमच्या मागल्या कुंपणाकडे एक कलम आहे. वडील आजारी पडले त्या वर्षांत कोणी बघितलं नाही आणि जोडाखालचा फुटवा वाढून फांदी झाली. आता वर मानकुराद धरतो, खाली रायवळ. रायवळ बायको लोणच्याला काढते, मानकुराद बाजारात जातो. शेजारी सांगतात खालची फांदी तोड, वरचं पीक वाढेल. वाढेलही.

फोंड्याचा वाचक
मग तोडत का नाही?

कुळागरवाला, माशेल
लोणचं कोण देणार? मे महिन्यात या, दाखवतो. त्या वक्त्यांनाही आणा. आणि पिशवी तुमची तुम्ही आणा.